एकही गोळा उदगीरवर पडला नाही, तरीही...

मे २०२५ मधली गोष्ट. सीमेवर चार दिवस ड्रोन आणि क्षेपणास्त्रं उडत होती. इकडं आपल्या मोंढ्यात चहाच्या टपरीवर एक ओळखीचा पोरगा मोबाईल माझ्यापुढं धरून म्हणाला, "सर, एकदाचं होऊनच जाऊ द्या. आठ दिवसांत निकाल लागतो बघा." आजूबाजूच्या चार-पाच जणांनी माना डोलावल्या. मी काहीच बोललो नाही. चहा संपवला, पैसे दिले, निघालो.

घरी आलो तर दोरीवर पुतण्याचा बनियन वाळत होता. पोरगं भरतीची तयारी करतंय. रोज पहाटे बिदर रोडला धावायला जातं, सोळाशे मीटरची वेळ वहीत लिहून ठेवतं. तेव्हा माझ्या डोक्यात आलं, टपरीवर जे 'होऊन जाणार' होतं ते कुणाच्या पोरांच्या जिवावर होणार होतं?

त्या दिवसापासून हा मजकूर मनात आहे. आज सवडीनं लिहितोय. लांबलाय, पण वाचा.

'आठ दिवसांत निकाल' हे वाक्य नवीन नाही. १९१४ च्या ऑगस्टमध्ये युरोपातली पोरं रेल्वेच्या डब्यांत बसून, बंदुकीला फुलं खोवून लढायला निघाली, तेव्हा त्यांनाही हेच सांगितलं होतं. जर्मन कैसर म्हणाला, झाडांची पानं गळायच्या आत घरी परत याल. इंग्रज म्हणाले, नाताळापर्यंत आटपेल. ते आटपलं ११ नोव्हेंबर १९१८ ला. सव्वाचार वर्षं लागली आणि जवळपास एक कोटी सैनिक मेले.

पहिलं महायुद्ध आपण शाळेत पाच मार्कांसाठी शिकलो. 'कारणे लिहा' म्हटलं की साराजेव्होचा खून लिहायचा. २८ जून १९१४ ला ऑस्ट्रियाचा युवराज फ्रान्झ फर्डिनांड आणि त्याची बायको सोफी यांना गाव्रिलो प्रिन्सिप नावाच्या १९ वर्षांच्या पोरानं गोळ्या घातल्या. उत्तर बरोबर, मार्क मिळाले. पण एका खुनानं अख्खं जग पेटत नसतं.

आपल्याकडं बांधावरून भांडण कसं पेटतं ते आठवा. दोघा भावांचा वाद असतो हातभर जमिनीचा. मग एकाची भावकी येते, दुसऱ्याचे सोयरे येतात. आलेल्या माणसाला मूळ वाद काय, ते धड माहीतही नसतं. पण 'आपला माणूस' म्हणून तो काठी घेऊन उभा राहतो. १९१४ ला तेच झालं. ऑस्ट्रिया-हंगेरीनं सर्बियावर युद्ध पुकारलं २८ जुलैला. सर्बियामागं रशिया उभा राहिला, ऑस्ट्रियामागं जर्मनी. रशियाचा करार फ्रान्सशी होता. जर्मनी बेल्जियमच्या अंगणातून फ्रान्सवर चालून गेली, म्हणून ४ ऑगस्टला इंग्लंड उतरलं. खुनानंतर जवळपास महिनाभर सगळं शांत वाटत होतं आणि मग एका आठवड्यात युरोप युद्धात.

हे इतक्या वेगानं झालं त्याला अजून एक कारण होतं, रेल्वेचं वेळापत्रक. लाखो सैनिक, घोडे, तोफा कुठल्या गाडीनं, कुठल्या दिवशी, कुठल्या ठेसनावर उतरवायच्या हे सेनापतींनी आधीच कागदावर पक्कं केलं होतं. जर्मनीचा बेत असा, की साधारण सहा आठवड्यांत फ्रान्सला पाडायचं आणि मग रशियाकडं वळायचं. एक दिवस उशीर झाला तर सगळा हिशेब चुकणार. त्यामुळं गाड्या सुटल्यावर ब्रेक मारायला कुणी तयार नव्हतं. राजे एकमेकांचे आतेभाऊ, मावसभाऊ होते, एकमेकांना तारा करत होते, पण वेळापत्रक पुढं चाललं होतं.

आणि या सगळ्याखाली वीस-तीस वर्षं धुमसणारी कारखानदारी होती. कच्चा माल कुणाचा, बाजारपेठ कुणाची, वसाहती कुणाच्या? इंग्लंडनं १९०६ मध्ये 'ड्रेडनॉट' नावाची अशी युद्धनौका समुद्रात सोडली की आधीच्या सगळ्या नौका जुन्या ठरल्या. मग जर्मनीनं तशा बांधायला घेतल्या, मग इंग्लंडनं अजून. इतकी हत्यारं जमवली की कधीतरी ती वापरून बघावीत असं वाटणारी माणसं प्रत्येक राजधानीत तयार झाली.

आता हत्यारांबद्दल. त्यासाठी आधी आपल्या किल्ल्यावर चला.

३ फेब्रुवारी १७६०. उदगीरच्या लढाईत सदाशिवरावभाऊंनी निजामाला हरवलं आणि साठ लाखांचा मुलूख मिळवला. भाऊंकडं इब्राहिमखान गारदी होता, फ्रेंच पद्धतीनं तयार झालेला तोफखानेवाला. त्याच्या तोफा त्या काळात भारी. पण ती तोफ तोंडातून भरायची. बार उडाला की अख्खा गाडा मागं सरकायचा. तो माणसांनी ढकलून परत जागेवर आणायचा, नळी पुसायची, दारू भरायची, गोळा घालायचा, पुन्हा नेम धरायचा. वर्षभरात हाच गारदी पानिपतावर याच पद्धतीनं लढला आणि तिथंच संपला.

पुढं सव्वाशे-दीडशे वर्षांत काय बदललं ते बघा. १८९७ मध्ये फ्रेंचांनी ७५ मिलिमीटरची तोफ काढली. तिची नळी बार उडाला की गाड्यावरच मागं घसरते आणि तेल-हवेच्या दाबानं आपोआप जागेवर येते. गाडा हलत नाही, नेम ढळत नाही. मिनिटाला पंधरा गोळे. १८८४ मध्ये हिरम मॅक्सिमनं मशीनगन बनवली. गोळी सुटताना बंदुकीला जो मागं धक्का बसतो, त्याच धक्क्यावर पुढची गोळी आपोआप भरली जाते. मिनिटाला पाचशे गोळ्या. आणि तिसरी गोष्ट तर आपल्या शेतातली, काटेरी तार. अमेरिकेत गुरं अडवायला निघालेली. आपण रानडुकरांसाठी लावतो. युरोपात ती माणसं अडवायला लावली.

या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि शौर्याचा अर्थच बदलला. आपल्या किल्ल्याला खोल खंदक आहे, तो शत्रूला बाहेर ठेवायला. १९१४ नंतर सैनिक स्वतःच खंदकात राहायला गेले. चिखलात, उंदरांत, महिनोन्महिने. कारण वर डोकं काढलं की संपलं. १ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोम नदीच्या काठी इंग्रज फौज खंदकातून उठून चालत निघाली. एका दिवसात ५७,४७० माणसं मेली, जखमी झाली किंवा हरवली. त्यातली १९,२४० मेलेली. २०११ च्या जनगणनेत आपलं उदगीर शहर लाखाच्या थोडं पुढं होतं. म्हणजे निम्म्याहून जास्त उदगीर, एका दिवसात.

ही कोंडी फोडायला मग नवीन हत्यारं आली. २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममध्ये ईप्रजवळ जर्मनांनी क्लोरीनचा वायू सोडला. पिवळट-हिरवा ढग जमिनीलगत सरकत आला आणि माणसं गुदमरून पडली. चारच दिवसांनी त्याच आघाडीवर लाहोर डिव्हिजनचे भारतीय सैनिक उभे केले होते, तोंडाला ओलं फडकं बांधून. मुखवटे अजून आलेले नव्हते.

तो वायू सोडण्याच्या कामावर होता फ्रिट्झ हाबर नावाचा शास्त्रज्ञ. हे नाव आपल्याला परकं, पण त्याचं काम आपल्या घरात आहे. हवेतल्या नायट्रोजनपासून अमोनिया करायची रीत त्यानं शोधली. आज आपण ज्या युरियाच्या गोणीसाठी दुकानापुढं रांग लावतो, तो युरिया त्याच रीतीनं तयार होतो. महायुद्धात इंग्रजांनी समुद्र अडवला, चिलीहून येणारा सोरा बंद झाला, तेव्हा जर्मनीनं याच अमोनियापासून दारूगोळ्याचा कच्चा माल केला. ही रीत हाताशी नसती तर जर्मनीचा दारूगोळा लवकरच आटला असता. पिकाला जगवणारी गोष्ट आणि माणूस मारणारी गोष्ट एकाच कारखान्यातून निघाली.

१५ सप्टेंबर १९१६ ला रणगाडा आला, तार आणि खंदक तुडवत जाणारी लोखंडी पेटी. विमान तर १९१४ ला फक्त शत्रू कुठं आहे ते बघायला जायचं. १९१८ येईस्तोवर ते शहरांवर बॉम्ब टाकायला लागलं होतं. या विमानांशी आपल्या उदगीरचा संबंध आहे. पण त्याआधी आपल्या माणसांबद्दल.

हिंदुस्थान युद्धात उतरला तो कुणाला न विचारता. व्हाइसरॉयनं जाहीर केलं आणि झालं. चार वर्षांत दहा लाखांहून जास्त भारतीय समुद्रापार गेले, ७४ हजारांवर परत आलेच नाहीत. आपली मराठी माणसं मुख्यतः गेली मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये. तिथं का? तर तेल. इंग्रज आरमार तेव्हा कोळशावरून तेलावर येत होतं आणि युद्धाच्या तोंडावरच ब्रिटिश सरकारनं इराणातल्या तेल कंपनीत निम्म्याहून जास्त हिस्सा घेतला होता. ते तेल राखायला नोव्हेंबर १९१४ मध्ये जी फौज इराकच्या किनाऱ्यावर उतरली, तिचं नाव सहावी पूना डिव्हिजन. त्या तेलाच्या विहिरी कुणाच्या, नि राखायला गेलं कोण!

त्या डिव्हिजनमध्ये ११७ वी मराठा, १०३ वी आणि ११० वी मराठा लाइट इन्फन्ट्री अशा पलटणी होत्या. शिपायाला पगार महिना ११ रुपये. सुरुवातीला विजय मिळत गेले तसा जनरल टाउनशेंड टायग्रिस नदीच्या काठानं बगदादकडं निघाला. पुरेशा बोटी नाहीत, दवाखाना नाही, गाड्या नाहीत. बगदादच्या अलीकडं मार खाल्ला आणि माघार घेऊन सगळी फौज कूत-अल-अमारा गावात अडकली. ७ डिसेंबर १९१५ पासून तुर्कांचा वेढा. तो जवळपास पाच महिने चालला.

आत अन्न संपत गेलं. घोडे, खेचरं कापायला लागले. आपल्या शिपायांनी आधी ते मांस खायला नकार दिला. धर्माची परवानगी आहे असं हिंदुस्थानातून बिनतारी निरोपानं कळवलं, तरी कित्येक जण उपाशीच राहिले. शेवटी नाइलाजानं खाल्लं. भाकरीचं पीठ मूठभरावर आलं. तेव्हा विमानातून पिठाची पोती टाकली, धान्य दळायला जात्याची तळीसुद्धा टाकली. काही पोती नदीत पडली, काही तुर्कांकडं. वेढ्यातल्या फौजेला विमानानं अन्न पुरवायचा जगातला हा पहिलाच मोठा प्रयत्न, आणि तो कमी पडला. कूतच्या सुटकेसाठी गेलेल्या फौजेतले सुमारे २३ हजार मेले किंवा जखमी झाले. आत अडकलेले होते साधारण १३ हजार. हा हिशेब परत एकदा वाचा.

२९ एप्रिल १९१६ ला शरणागती. जनरल टाउनशेंडला इस्तंबूलजवळच्या एका बेटावर बंगल्यात ठेवलं. शिपायांना वाळवंटातून चालत नेलं. हजारो वाटेत आणि मजुरीच्या छावण्यांत मेले. इंग्लंडात बोंब झाली, चौकशी आयोग बसला, १९१७ मध्ये भारतमंत्री चेंबरलेननं राजीनामा दिला. जखमींना बिनस्प्रिंगच्या गाड्यांतून, घाणीनं भरलेल्या बोटींतून आणल्याचं त्या अहवालात आहे. पण अहवाल आला तोवर कूतचे बरेच कैदी मेलेले होते.

मराठा पलटणी त्यानंतरही लढल्या. ऑक्टोबर १९१८ मध्ये शरकतच्या लढाईत एकट्या ११४ व्या मराठा पलटणीला शौर्याची २८ पदकं मिळाली. साताऱ्याकडच्या अपशिंगे गावातले ४६ जण या युद्धात गेले, गावाचं नावच आज अपशिंगे मिलिटरी आहे. महार समाजाची भरती इंग्रजांनी १८९० च्या दशकात बंद केली होती. माणसं कमी पडली तशी १९१७ मध्ये १११ वी महार पलटण उभी केली, आणि युद्ध संपल्यावर १९२१ मध्ये मोडून टाकली. गरज सरो, वैद्य मरो.

आता उदगीर. तेव्हा आपण निजामाच्या राज्यात, बिदर जिल्ह्यात. इंग्रजी मुलखासारखी पलटणींची मोठी भरती इकडं नव्हती. मग आपला काय संबंध?

पहिला संबंध पैशाचा. निजाम मीर उस्मान अली खान यांनी इंग्रजांना या युद्धात भरघोस पैसा दिला. त्याच पैशातून इंग्रजांच्या हवाई दलाच्या ११० व्या तुकडीची पहिली विमानं घेतली. तुकडीच्या नावापुढं 'हैदराबाद' लागलं, विमानांवर निजामाची भेट असल्याचं लिहिलेलं होतं. १९१८ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये ही विमानं जर्मन शहरांवर बॉम्ब टाकत होती. निजामाला बदल्यात 'हिज एक्झॉल्टेड हायनेस' हा किताब मिळाला. आणि निजामाच्या खजिन्यात पैसा कुठून यायचा? शेतसाऱ्यातून. आपल्या पणज्यानं ज्वारी विकून भरलेला सारा त्यात होता. ज्याला जर्मनी कुठं आहे हे माहीत नव्हतं, त्याच्याही पैशानं जर्मनीवर बॉम्ब पडला.

दुसरा संबंध माझ्या घरातला. माझी आजी १९२० च्या आसपासची. ती 'मानमोडी' हा शब्द वापरायची. कुणी लई दिवस तापानं पडलं की म्हणायची, "मानमोडी आल्यासारखं काय करतोस?" लहानपणी मला ती शिवी वाटायची. मोठेपणी कळलं, १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीला आपल्याकडं मानमोडी म्हणत. महायुद्धाहून परतणाऱ्या जहाजांतून तो ताप जून १९१८ मध्ये मुंबईत उतरला. तिथून रेल्वेनं, बैलगाडीनं, पायी, गावोगाव गेला. त्याच वर्षी पावसानं दगा दिला, धान्य महागलं. हिंदुस्थानात एक कोटीहून जास्त माणसं मेली. आजीच्या आईनं तिला सांगितलेलं, की घरातली तीन माणसं आठवड्यात गेली आणि तिसऱ्याला खांदा द्यायला गल्लीत माणूस मिळेना. युद्धातल्या मेलेल्यांच्या कुठल्याच यादीत ती तिघं नाहीत. पण त्यांना मारायला जो ताप आला, तो त्याच जहाजांतून आला.

म्हणून म्हणतो, एकही गोळा उदगीरवर पडला नाही, तरी उदगीर त्या युद्धात होतं.

आणि ज्यांच्यावर गोळे पडले त्यांचं काय? इराकात बसराला मोठं स्मारक बांधलं. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली, अगदी साध्या शिपायापर्यंत. भारतीय अधिकाऱ्यांचीही कोरली. पण भारतीय शिपायांचा फक्त आकडा लिहिला, अमुक पलटण, अमुक इतके. शंभर वर्षांनी, २०२१ मध्ये, युद्धस्मारकं सांभाळणाऱ्या ब्रिटिश आयोगानं हा भेदभाव झाल्याचं कबूल करून माफी मागितली. माफी मागितली हे चांगलंच. पण जात्यावर बसून वाट बघितलेल्या आईपर्यंत ती पोचायची नाही.

कुणी म्हणेल, पत्रकार साहेब, देशावर हल्ला झाला तर गप्प बसायचं का? अजिबात नाही. देश राखावाच लागतो, आणि तो राखायला पहाटे धावणारी पोरं माझ्या घरात आहेत. माझं म्हणणं एवढंच, की युद्ध किती दिवस चालेल, कुठलं हत्यार येईल आणि बिल कुणाच्या घरी जाईल हे सुरू करणाऱ्यालाही ठाऊक नसतं. १९१४ ला कैसरला नव्हतं, झारला नव्हतं. तिघा-चौघा सम्राटांचे मुकुट त्यातच गेले. मग टपरीवर बसून आपण आठ दिवसांचा निकाल कुठल्या भरवशावर देतो?

परवा पुतण्याला कूतची गोष्ट सांगितली. त्यानं सगळं ऐकून घेतलं आणि एकच विचारलं, "काका, मग त्यांची नावं कुठंच नाहीत का?" मी म्हणालो, शोधावी लागतील. तो मोबाईलला पहाटे साडेचारचा गजर लावून झोपला.

तर मंडळी, एक काम करूया. उदगीर, देगलूर, अहमदपूर, मुखेड, निलंगा, कुठंही असाल, तुमच्या घरात जुनं पदक, पेन्शनचा कागद, पलटणीचा फोटो असेल, किंवा मानमोडीत गेलेल्या माणसांच्या आठवणी म्हाताऱ्या माणसांकडून ऐकल्या असतील, तर सांगा. मी घरी येऊन लिहून घेतो. बातमी होईल का नाही ते नंतर बघू. नावं तरी लिहून ठेवू.